जपानी इम्पोर्ट स्पोर्ट्‌स कार सेकंडहँड घेताय? आधी हे वाचा (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

हे मुख्यतः ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, कारण दर गणपतीला मंडळात कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतंच की दादा एक निस्सान स्कायलाइन बघितलीये, घेऊ का, आणि मोबाइलवर फोटो दाखवतात, आता फोटोत काय सगळ्याच गाड्या चकाचक दिसतात. मी गेली अठरा वर्षं मिडलँड्समध्ये राहतोय, स्वतःच्या तीन इम्पोर्ट झाल्या, एक अजून दारात आहे, आणि दुसऱ्यांसोबत बघायला गेलो त्या मोजल्याच नाहीत. माझं म्हणणं एकच आहे ते आधीच सांगतो: आधी पत्रा, मग कागद, इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन पैसे टाकून परत बांधता येतं, पण आतून गंजलेली बॉडी आणि खोटी हिस्ट्री याला औषध नाही. लोक नेमकं उलटं करतात, टर्बोचा आवाज कानावर पडला की बाकी काही दिसतच नाही.

इम्पोर्ट म्हणजे नेमकी कुठली गाडी? इथे पण निस्सान-टोयोटा विकत होतेच की.

विकत होते, पण जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्या वेगळ्या. इम्पोर्ट म्हणजे जपानमध्ये तिथल्या गिऱ्हाईकासाठी बनलेली, तिथे काही वर्षं चाललेली आणि मग जहाजातून इथे आलेली गाडी. जपानमध्ये पण डाव्या बाजूने गाड्या चालतात, स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे ब्रिटनला या गाड्या आयत्याच जमतात. फरक बराच असतो. नव्वदच्या दशकात इथली सुबारू इम्प्रेझा टर्बो साधारण २१० पीएसची (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच) होती तेव्हा जपानची एसटीआय, म्हणजे इम्प्रेझाची वरची आवृत्ती, २८० पीएसची होती. हा २८० चा आकडा सगळीकडे दिसतो कारण जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवलं होतं की जाहिरातीत यापुढे जायचं नाही, आणि २००४ पर्यंत ते पाळलं. वेग पण १८० किमीला, म्हणजे ११२ मैलांना लॉक असतो.

एमएक्स-५ ची जपानी बहीण म्हणजे युनोस रोडस्टर, गाडी तीच, नाव वेगळं कारण माझदाने जपानमध्ये युनोस नावाची वेगळी दुकानांची साखळी काढली होती.

गाडी बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

खाली वाका. खरंच सांगतो, बॉनेट उघडू नका, गाडीभोवती फिरून वा वा करू नका, आधी टॉर्च घेऊन खाली झोपा. जपानच्या बऱ्याच भागात रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, त्यामुळे तिथून आलेली गाडी खालून बघितली तर वीस-पंचवीस वर्षांनी पण पाना लावला की नट सुटतो. पण तीच गाडी इथल्या पाच हिवाळ्यांत गेली आणि कोणी खालून वॅक्स मारलं नसेल तर खेळ खल्लास, कारण या गाड्या इथल्या मिठाच्या हिशोबाने कधी बनवल्याच नव्हत्या. शिवाय जपान म्हणजे सगळं एकच नाही, होक्काइदो, तोहोकू, निगाताकडचा बर्फाळ भाग इथे भरपूर मीठ पडतं, त्यामुळे 'फ्रेश फ्रॉम जपान' ऐकून निर्धास्त होऊ नका.

माझी पहिली गाडी १९९२ ची युनोस रोडस्टर, लाल. विकणाऱ्याने संध्याकाळी बोलावलं, गाडी ओल्या गवतावर लावलेली, मी काही खाली झोपलो नाही. सहा महिन्यांनी एमओटीला, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या गाडी-तपासणीला, टेस्टर माझ्यासमोरच मागच्या चाकाच्या पुढे सिलवर (दाराखालची पोकळ पट्टी) अंगठा दाबतो तर पत्रा पापडासारखा कुर्रर्र करून आत गेला, आणि आतून ओल्या मातीचा एक गोळा बाहेर पडला. दोन्ही बाजूंचं वेल्डिंग झालं, बिल गाडीच्या निम्म्या किमतीएवढं. नंतर कळलं की त्या मॉडेलचं हे दुखणं जगजाहीर आहे: कापडी छताचं पाणी सीट बेल्टच्या मागे असलेल्या निचऱ्याच्या भोकांतून खाली जातं, ती भोकं पानांनी-मातीने बुजली की पाणी सिलमध्ये शिरतं आणि सिल आतून कुजतो, बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत छान असतो. तेव्हापासून मी प्रत्येक रोडस्टरमध्ये आधी ती भोकं बघतो, जाड वायर घालून.

बाकीच्यांच्या दुखऱ्या जागा पण ठरलेल्या आहेत. इम्प्रेझाचे मागचे टरेट, म्हणजे डिकीत बाजूला जिथे शॉक अबसॉर्बर वर येऊन बसतो ती जागा, आणि मागच्या चाकांच्या कमानी. स्कायलाइनच्या आर३२, आर३३, आर३४ अशा पिढ्या आहेत, त्यातल्या आर३३ आणि आर३४ ला पुढचे टरेट, बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना जिथे सस्पेन्शनचे नट दिसतात तिथे जोडावरचा रंग फुगलाय का बघा, ते काम फार महागाचं आहे. आर३२ ला सिल, डिकीचा तळ आणि मागच्या कमानी. होंडा इंटेग्रा आणि सिव्हिक टाइप आर यांना मागच्या कमानी, बाहेरून हात फिरवा आणि आतून पण बोटं घालून बघा. मित्सुबिशी इव्होला डिकीतली मॅट उचला. आणि सगळ्यांनाच जॅक लावायची जागा, ती चेपलेली असते, तिथूनच सुरुवात होते.

सोबत एक छोटं लोहचुंबक आणि पातळ कागद न्या. कागद मधे ठेवून कमानीवर, सिलवर चुंबक फिरवायचं, जिथे पकडत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुटी आहे.

खालून सगळं नवीन काळं कुळकुळीत दिसतंय, चांगलंच ना?

नाही. खालून ताजं, जाड, काळं अंडरसील आणि विकणारा म्हणतोय की नुकतंच करून घेतलं, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी धोक्याची खूण आहे. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच. ज्याने मनापासून केलंय त्याच्याकडे आधीचे फोटो असतात, गंज घासताना, प्रायमर मारताना. फोटो नसतील तर ते काळं डांबर गंज झाकायला मारलंय असंच धरून चाला, आणि डांबराखाली अडकलेला गंज तर अजून जोरात खातो. पारदर्शक किंवा पिवळसर वॅक्स मारलेली गाडी मला केव्हाही जास्त आवडते कारण त्यातून पत्रा दिसतो.

ऑक्शन शीट म्हणजे काय आणि ती कशी वाचायची?

जपानमधल्या बहुतेक इम्पोर्ट गाड्या तिथल्या डीलर-ऑक्शनमधून येतात आणि तिथला इन्स्पेक्टर प्रत्येक गाडीचा एक पानी रिपोर्ट लिहितो. तो विकणाऱ्याचा माणूस नसतो, म्हणून हा कागद सोन्यासारखा. विकणाऱ्याकडे नसेल तर चेसी नंबरवरून जुन्या ऑक्शनचा रेकॉर्ड काढून देणाऱ्या सेवा आहेत, थोडे पैसे लागतात, द्या. आणि विकणाऱ्याने दाखवली तरी स्वतः एकदा काढा, कारण शीट एडिट करणारे पण आहेत.

वर कोपऱ्यात ग्रेड असतो. ५, ४.५, ४ म्हणजे उत्तम ते चांगली, ३.५ म्हणजे वापराच्या खुणा असलेली, ३ च्या खाली बरंच काम. आकड्याऐवजी इंग्रजी अक्षर आर किंवा आरए असलं तर गाडी ठोकलेली आणि रिपेअर केलेली. आता यात एक गोष्ट नीट समजून घ्या: जपानमध्ये रिपेअर हिस्ट्री, त्यांच्या भाषेत शुफुकु-रेकी, तेव्हाच धरतात जेव्हा सांगाड्याला मार बसलाय, म्हणजे चेसीच्या पट्ट्या, खांब, फ्लोअर, रेडिएटरमागची चौकट असं काही. नुसता दरवाजा, फेंडर, बॉनेट बदललं तर गाडी रेकॉर्डवर स्वच्छच राहते. त्यामुळे ४ ग्रेडच्या गाडीचा बंपर बदललेला असू शकतो आणि ती फसवणूक नाही. उलट आर ग्रेड म्हणजे लगेच भंगार असंही नाही, मागच्या पॅनेलला हलका मार आणि नीट केलेलं काम असेल आणि भाव त्या हिशोबाने असेल तर मी विचार करेन. पुढच्या चेसी-पट्टीला मार असेल तर नाही करणार.

मग गाडीचं चित्र असतं आणि त्यावर अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय, एक्सएक्स म्हणजे पार्ट बदललाय. पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं जास्त. यांनी घाबरायचं नाही. घाबरायचं ते एस आणि सी ला, एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे खाल्लेला पत्रा. आणि खाली इन्स्पेक्टरने हाताने खरडलेल्या ओळी असतात त्या जपानी येणाऱ्याकडून वाचून घ्या, सगळी खरी माहिती तिथेच असते. 'शिता-मावारी साबी' म्हणजे खालच्या बाजूला गंज, हे शब्द दिसले की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

मीटर मागे फिरवलेला नाही हे कसं कळणार?

या गाड्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच, कारण जहाजात बसली की आधीचा रेकॉर्ड एका देशात आणि पुढचा दुसऱ्या देशात. इथलं नेहमीचं हिस्ट्री चेक, जे आपण फोर्ड-व्हॉक्सहॉल घेताना करतो, ते जपानमधल्या वर्षांबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे दोन बाजूंनी दोर ओढायचा. जपानच्या बाजूने ऑक्शन शीटवरचा आकडा, आणि जपान सोडताना मिळालेला निर्यातीचा दाखला. शाकेन म्हणजे तिथली तपासणी, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, त्या वेळचा मीटरचा आकडा नवीन दाखल्यांवर छापलेला असतो. ऑक्शन शीटवर मीटरच्या आकड्याशेजारी डॉलरचं चिन्ह किंवा चांदणी असेल तर मीटर बदललाय किंवा आकड्यावर शंका आहे, तिथेच थांबा आणि विचारा. ब्रिटनच्या बाजूने एमओटी हिस्ट्री, सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की फुकट दिसते, २००५ पासूनची, प्रत्येक वेळचा आकडा आणि काय काय नापास झालं ते सगळं.

इथे एक गडबड होते ती सांगतो. जपानी मीटर किलोमीटरमध्ये, इथले मैलांत. कधी टेस्टर किलोमीटरचा आकडा मैल म्हणून टाकतो, मग मीटर बदलून मैलांत केला की पुढच्या वर्षी ९८,००० वरून एकदम ६२,००० दिसतं. हे चोरी नाही, हिशोब जुळतो का बघा, एक लाख किमी म्हणजे साधारण ६२,००० मैल. हिशोब जुळत नसेल आणि विकणारा म्हणत असेल 'ते कन्व्हर्जनमुळे', तर कन्व्हर्जनची पावती मागा, तारखेसकट.

बाकी डोळ्याने दिसणारं: ब्रेक पेडलचं रबर, सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं चामडं, गिअर नॉब. साठ हजार किमीच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं.

जपानी कागदावर सालाच्या जागी ७ नाहीतर ११ असं लिहिलंय, ते काय?

ते त्यांच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष. हेसेई असेल तर १९८८ मिळवा, म्हणजे हेसेई ७ = १९९५, हेसेई ११ = १९९९. रेवा असेल तर २०१८ मिळवा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की खाली लेबलवर पण बनवल्याची तारीख असते, चारही बेल्ट बघा, एकच वेगळ्या सालाचा निघाला तर तो का बदलला ते विचारा, कारण धडकेत बेल्ट ताणला गेला की बदलावा लागतो.

ही खरी जीटी-आर आहे का साध्या स्कायलाइनला केलेली?

फार महत्त्वाचा प्रश्न, कारण जीटी-आर ही स्कायलाइनची सगळ्यात वरची आवृत्ती, आणि जीटी-आरच्या आणि साध्या गाडीच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. एके काळी आर३२ ला इथे हिंग लावून कोणी विचारत नव्हतं, मग अमेरिकेच्या २५ वर्षांच्या नियमामुळे, म्हणजे २५ वर्षं जुनी गाडी तिकडे कायदेशीर आयात होते, एकेक मॉडेल तिकडे जायला लागलं आणि भाव गगनाला भिडले. १९९९ ची आर३४ तर २०२४ मध्ये त्यात बसली.

ओळख सोपी आहे, चेसी नंबर बघायचा. जपानी गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, मॉडेल कोड, मधे डॅश आणि मग नंबर असतो, आणि तो इंजिनच्या मागे फायरवॉलच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. आर३२ जीटी-आर म्हणजे बीएनआर३२, आर३३ ची बीसीएनआर३३, आर३४ ची बीएनआर३४. एचसीआर३२ किंवा ईसीआर३३ निघाला तर ती जीटीएस-टी आहे, चांगली गाडी आहे, पण जीटी-आर नाही, वर कितीही बॅज लावले तरी नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. आर३२ जीटी-आरचं बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे असतात, तुमचं चुंबक तिथे चिकटायलाच नको. चिकटलं तर पार्ट बदललाय किंवा गाडीच वेगळी आहे.

फायरवॉलजवळ एक छोटी पाटी पण असते, तिच्यावर रंगाचा कोड असतो. आर३४ बेसाइड ब्लूचा टीव्ही२, आर३३ मिडनाइट पर्पलचा एलपी२. एकदा लेस्टरमध्ये राहणाऱ्या आमच्या एका मित्राच्या भाच्याबरोबर गेलो होतो, पर्पल आर३३, पोरगा अगदी हरखून गेलेला, पाटीवर बघितलं तर कोड पांढऱ्याचा, मग दरवाजाच्या बिजागराखाली नखाने खरवडलं तर खाली पांढरा रंग. विकणारे गृहस्थ म्हणाले मलाही माहीत नव्हतं. असेल तसंही. पण रंग बदललेली गाडी ही वेगळ्या भावाची गाडी आहे, आणि भाच्याने ती सोडली ते बरं केलं.

ठोकलेल्या नंबराभोवती वेल्डिंगच्या खुणा, वेगळा रंग, वाकडे आकडे, असं काही दिसलं तर पैसे देऊ नका, निघा.

इथले कागद कुठले बघायचे?

व्ही५सी म्हणजे लॉगबुक, त्यावरचा चेसी नंबर गाडीवरच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. इम्पोर्टच्या लॉगबुकवर गाडी इथे नोंदवली तेव्हा नवी नव्हती हे लिहिलेलं असतं. नुकतीच आलेली आणि अजून नंबर न मिळालेली गाडी घेत असाल तर नोव्हा झालंय का विचारा, एचएमआरसीला गाडी आल्यापासून १४ दिवसांत कळवावं लागतं आणि ते झाल्याशिवाय डीव्हीएलए नोंदच करत नाही. दहा वर्षांच्या आतल्या गाडीला आयव्हीए टेस्ट (गाडी इथल्या नियमांत बसते का याची तपासणी) पण लागते, जुन्यांना नुसती एमओटी पुरते. 'पेपर्स इन प्रोसेस' असं ऐकलं की मी तरी पैसे खिशातच ठेवतो.

इंजिनचं काय? ते कधी बघायचं?

आता बघा. आणि थंड. फोनवर आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर काहीतरी लपवायचंय किंवा तुमचं ऐकलं नाहीये, दोन्ही वाईट. थंड इंजिनवर खरं काय ते कळतं: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नाही आणि गोडसर वास येतोय तर कूलंट आत जातंय. मग गरम होईपर्यंत चालवा आणि परत ऐका.

प्रत्येकाच्या खोडी वेगळ्या. सुबारूचं ईजे२० इंजिन थंड असताना थोडं टकटक करतं ती पिस्टनची, गरम झाल्यावर जाते, पण गरम झाल्यावर खालून खोल ठकठक येत असेल तर बिग-एंड बेअरिंग गेलंय, ते इंजिन उघडावंच लागणार. जीटी-आरच्या आरबी२६ मध्ये सुरुवातीच्या आर३२ ला ऑइल पंपाला क्रँकवर टेकायला जागाच कमी दिलेली होती, जास्त आरपीएमला पंप फुटतो, कोणी बदललाय का आणि पावती आहे का विचारा. शिवाय त्यांच्या मूळ टर्बोतलं एक्झॉस्टचं चाक सिरॅमिकचं आहे, बूस्ट वाढवला की ते सुटतं. टोयोटा सुप्राचं २जेझेड इंजिन दणकट, त्याला पुढच्या क्रँक पुलीचं रबर सुटतं ते बघा. पहिल्या १.६ रोडस्टरला क्रँकचं टोक आखूड आहे आणि तिथे पुली ढिली होऊन क्रँक खराब होतो, पुढून पुलीच्या मधल्या भागावरच्या खाचा मोजा, चार म्हणजे आखूड, आठ म्हणजे नंतरचा सुधारलेला. इव्होला एवायसीचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी यंत्रणा) दिवा पेटलाय का बघा, तो पंप आणि डिफरन्शियल दोन्ही महाग. होंडाला दुसऱ्या गिअरमध्ये पटकन टाकून बघा, खर्र झालं तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी रिंग) गेलाय.

आणि आरएक्स-७?

हिला वेगळं उत्तर द्यावं लागेल. माझदाची एफडी३एस, १९९१ ते २००२, माझ्या मते या सगळ्यांत सुंदर गाडी, आणि सगळ्यात जास्त विचार करून घ्यायची. रोटरी इंजिन, दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, पिस्टनच नाहीत. ती ऑइल खातेच, तसं मुद्दाम बनवलंय, एक छोटा पंप सील ओले ठेवायला आत ऑइल सोडतो, त्यामुळे 'ही अजिबात ऑइल खात नाही' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर उलट काळजी करा.

कॉम्प्रेशन टेस्टशिवाय घेऊ नका, आणि ती रोटरीच्या खास मीटरनेच. साधा गेज लावला तर रोटरच्या तीन बाजूंपैकी जी सगळ्यात चांगली तिचाच आकडा धरून बसतो, एक बाजू मेलेली असली तरी तुम्हाला कळणार नाही. खास मीटर प्रत्येक रोटरचे तीन आकडे वेगळे देतो आणि क्रँकिंगचा वेग पण. साधारण ८ च्या आसपास (किलो प्रति चौरस सेंमी) म्हणजे तब्येत उत्तम, ६ च्या खाली म्हणजे रिबिल्डचे पैसे वेगळे काढा, आणि तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. घरगुती खूण म्हणजे पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम असताना बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि परत स्टार्ट मारा, जिचे सील गेलेत ती लवकर सुरू होत नाही. दोन टर्बो एकामागून एक चालतात, आणि त्यांना चालवायला बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं आहे, पंचवीस वर्षांत ते रबर कडक होऊन फुटतं. साडेचार हजार आरपीएमच्या आसपास दुसरा टर्बो येतो तेव्हा दम कमी पडून परत जोर आला तर थोडं ठीक, दुसरा आलाच नाही तर नळ्या शोधत बसायची तयारी ठेवा.

टायमिंग बेल्ट?

जपानमध्ये बऱ्याच गाड्यांचा एक लाख किमीला बदलतात, आणि बरीच माणसं गाडी विकतात ती ९० हजारला, नेमका हा खर्च टाळायला. बदलला असेल तर बॉनेटखाली तारीख-किमी लिहिलेलं स्टिकर असतं. आरबी२६, ईजे२०, इव्होचं ४जी६३, होंडाचं बी-सिरीज व्हीटेक, यांचा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पुरावा नसेल तर बदललेला नाही असं समजून भाव करा.

मॉडिफाय केलेली घेऊ का मूळची?

मूळची. मिळत नसेल तर कोणी केलंय, पार्ट कुठल्या कंपनीचे आणि ईसीयू मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) कोणी केला याच्या पावत्या असलेली. एचकेएस, ट्रस्ट, टॉमेई असले पार्ट म्हणजे निदान कोणीतरी पैसे खर्च करून केलंय. मूळचे पार्ट खोक्यात घालून देतोय का विचारा, ते आता सोन्याच्या भावाने विकले जातात.

पेट्रोल कुठलं?

जपानमध्ये हाय-ऑक्टेन म्हणजे १०० आरओएन (ऑक्टेनचा आकडा), त्या गाड्यांचा मॅप त्यावर केलेला. इथे साधं ९५ आहे आणि सप्टेंबर २०२१ पासून त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, टर्बो गाडीत ते घालूच नका. शेलचं व्ही-पॉवर किंवा टेस्कोचं मोमेंटम, दोन्ही ९९. जुन्या मालकाने इथल्या पेट्रोलसाठी रीमॅप केला असेल तर उत्तम, सुबारूत तर मी ते हवंच म्हणेन.

स्पीडोमीटर, फॉग लाइट, रेडिओ?

मीटर मैलांत वाचता यायला हवा आणि मागे एक फॉग लाइट हवा, तो आधी लावलेला असतोच, चालतो का बघा, वायरिंग नुसतं टेप गुंडाळून केलंय का बघा. जपानी रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ एवढाच पकडतो, त्यामुळे इथली बहुतेक स्टेशनं लागत नाहीत, ही खराबी नाही.

इन्शुरन्स आणि लंडन?

गाडी घेण्याआधी कोट घ्या, नंतर नाही. मोठ्या वेबसाइटवर इम्पोर्ट नीट निघतच नाही, इम्पोर्ट करणाऱ्या खास ब्रोकरशी फोनवर बोला, प्रत्येक मॉडिफिकेशन सांगा, अगदी एक्झॉस्ट आणि चाकं पण, आणि ठरलेल्या किमतीची पॉलिसी मागा, नाहीतर चोरी झाल्यावर कंपनी तुम्हाला साध्या गाडीचा भाव लावेल. नव्वदच्या बऱ्याच गाड्यांना इमोबिलायझर नाही, चोरांचं त्यांच्यावर फार लक्ष असतं, तेव्हा ट्रॅकर लावा.

लंडनमध्ये राहत असाल तर युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर दिवसाचा कर लावणारा भाग. २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या बरोंमध्ये आहे, पेट्रोल गाडी युरो ४ ची हवी, नाहीतर दिवसाला साडेबारा पाउंड. नव्वदची गाडी यात बसेल ही आशा ठेवू नका.

जपानहून स्वतःच मागवली तर स्वस्त पडेल का?

हिशोब करा: ऑक्शनची किंमत, एजंट, जहाज, मग साधारण दहा टक्के ड्यूटी आणि त्या सगळ्यावर वीस टक्के व्हॅट. तीस वर्षांच्या वरची, मूळ अवस्थेतली गाडी असेल तर ड्यूटी नाही आणि व्हॅट पाच टक्के, हा फरक हजारो पाउंडांचा आहे, पण मूळ अवस्था म्हणजे खरंच मूळ, मोठं टर्बो आणि बॉडीकिट असलेल्या गाडीला कस्टमवाले नाही म्हणू शकतात. मला स्वतःला हा मार्ग आवडतो कारण गाडीने इथलं मीठ बघितलेलं नसतं. फक्त गाडी हाताने बघता येत नाही, म्हणून तिकडच्या एजंटला खालून फोटो काढायला लावा, वेगळे पैसे द्या पण लावा.

पार्ट मिळतात का?

आधीपेक्षा बरे. निसमोने (निस्सानचा स्पोर्ट्‌स विभाग) २०१७ पासून आर३२ जीटी-आरचे बंद झालेले पार्ट परत बनवायला घेतले, मग आर३३, आर३४ चे पण. टोयोटाने सुप्राचे, माझदाने पहिल्या रोडस्टरचे. पण आतलं प्लास्टिक, दरवाजांची रबरं, काच याला अजून शोधाशोध करावी लागते, म्हणून तुटका डॅशबोर्ड 'छोटी गोष्ट' समजू नका.

उद्या परत जायचं झालं तर ही गाडी पुण्याला नेता येईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर देताना वाईट वाटतं. नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते, आणि ड्यूटी इतकी की आकडा ऐकून बसावं लागतं. विंटेजची वेगळी सवलत आहे पण नव्वदच्या दशकातली गाडी त्यात बसत नाही. 'कार्ने' नावाच्या तात्पुरत्या कस्टम परवान्यावर काही महिन्यांसाठी नेऊन परत आणणारे आहेत, कायमची नाही. जायचं नक्की असेल तर इथेच चांगल्या हातात विका.

घेतली. आता पहिल्या आठवड्यात काय करू?

सगळी ऑइलं बदला, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, आणि कूलंट, ब्रेक फ्लुइड. बेल्टचा पुरावा नसेल तर बेल्ट आणि वॉटर पंप एकदमच. चेसी नंबर कंपनीच्या जपानी वेबसाइटवर टाकून रिकॉल बघा, ताकाताच्या एअरबॅगचा विशेषतः, कारण जपानी गाडी इथल्या रिकॉलच्या यादीत आपोआप येत नाही. मग उन्हाळ्यात चार कोरडे दिवस बघून खालून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि सिलच्या आत, दाराच्या आत, चेसीच्या पोकळ पट्ट्यांत लांब नळीने वॅक्स मारून घ्या. वॅक्स मारायच्या आधी खालून प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून तारखेसकट फाइलमध्ये ठेवा, उद्या गाडी विकायला काढलीत तर समोरचा शहाणा माणूस पहिले तेच मागणार आहे.